बदलीची झोप

अंबूबाई गुर्रमचा भत्ता नामंजूर झाल्याचा निरोप माझ्या पडद्यावर उमटला तेव्हा ती समोरच बसून चहात खारी बुडवत होती. निरोप वाचून मला आधी हसू आलं आणि मग राग. कारण दिलं होतं: 'अर्जदाराची बदली झालेली असल्यामुळे अर्जदार सेवेत आहे.'

"काय म्हणालंय ते?" अंबूबाईनं विचारलं.

"तुमची बदली झाली म्हणे, मावशी."

"कुठं?"

"ते त्यालाही माहीत नाही."

मी हेमलता बिराजदार. सोलापुरात बेकारी भत्त्याच्या कचेरीसमोर माझं टपरीएवढं दुकान आहे. पूर्वी कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणारे बसत, तसं. अर्ज आता यंत्र वाचतं, यंत्रच निकाल देतं. यंत्राला माणसाचं बोलणं नीट समजतं असं सरकार सांगतं, आणि यंत्राला नेमकं काय समजलं ते विचारायला लोक माझ्याकडे येतात. दोघांचंही बरं चाललं आहे.

बदली या शब्दानं यंत्राची फजिती केली होती. आमच्या गिरणगावात शेंबडं पोरही सांगेल की बदली म्हणजे बदली कामगार. कायम कामगार कामावर आला नाही, की त्या दिवसापुरता त्याच्या जागी उभा राहतो तो. गिरण्या गेल्या तरी शब्द राहिला. बेकरीत, दवाखान्यात, यंत्रमागावर अजून बदल्या आहेत. यंत्र बिचारं साहेबलोकांच्या कागदांवर वाढलेलं. त्याच्या मते बदली म्हणजे सामानसुमान बांधून दुसऱ्या गावच्या हापिसात जाणं. अंबूबाई आयुष्यात साखर पेठेच्या बाहेर राहायला गेलेली नव्हती.

पण खरा गुंता पुढेच होता. अंबूबाई ज्या कामावर बदली होती, ते काम म्हणजे झोपणं.

हे नीट सांगायला हवं. मेंदूत कानाच्या पातळीवर, आत खोल, एक वाकडा भाग असतो, हिप्पोकॅम्पस. तिथल्या काही पेशी जागा ओळखतात. तुम्ही दारात उभे असाल तर एक पेशी पेटते, विहिरीपाशी गेलात की दुसरी. दिवसभर चाललेली वाट मेंदू झोपेत पुन्हा चालतो, तीही कितीतरी वेगानं. उंदरांवर प्रयोग करणाऱ्यांना फार पूर्वीच एक मजेची गोष्ट दिसली होती. झोपलेला उंदीर चाललेल्याच वाटा चालत नाही, कधीच न गेलेल्या आडवाटाही मनातल्या मनात चालून बघतो.

निद्रायन नावाच्या कंपनीनं एवढं एकच सूत्र धरलं. जगभरच्या जहाजांना, मालमोटारींना, औषधांच्या पेट्यांना जवळच्या वाटा हव्या असतात, आणि त्या शोधताना मोठमोठ्या यंत्रांच्या तोंडाला फेस येतो. कंपनी बंदरांची घरं करायची आणि समुद्राच्या गल्ल्या. माणूस टोपी घालून झोपायचा, टोपी विजेच्या बारीक ठोक्यांनी त्याच्या झोपेत काम सोडायची, आणि तो आपल्या लहानपणच्या गावात कुणाची तरी घागर कुणाकडे तरी पोचवत फिरायचा. तिकडे कुठल्या तरी समुद्रात एक जहाज वळायचं.

पायाखालचं गाव जितकं पक्कं, तितकी वाट अचूक. म्हणून कंपनीला खेड्यात वाढलेली म्हातारी माणसं हवी असत. पाळी दुपारची. आमच्याकडे उन्हाळ्यात भाकरी खाऊन आडवा झालेला माणूस झोपेच्या बरोबर त्या थरात उतरतो, असा शोध कंपनीच्या डॉक्टरांनी बरीच मोजमापं करून लावला. कुणाही सोलापूरकरानं तो फुकटात सांगितला असता. बंद गिरणीच्या आवारात लांबलचक शेड घातली, कूलर लावले, खाटा टाकल्या. लोक त्या शेडला पाळणाघर म्हणायचे.

प्रत्येक कायम झोपणाऱ्याचं आपापलं गाव होतं. तो आला नाही तर त्या गावातला माल अडून बसायचा. म्हणून बदली. कायमच्या मेंदूतून टिपलेला गावाचा नकाशा टोपीतून बदलीच्या झोपेत सोडायचे, आणि काही महिन्यांत बदलीचा मेंदू ते गाव आपलंच समजायला लागायचा. अंबूबाई सुगंधाबाई नवगिरेंच्या जागी बदली होती. सुगंधाबाई मेंदूज्वरानं आजारी पडल्या त्या परत आल्याच नाहीत. तेव्हापासून त्यांचं गाव अंबूबाईच चालत होती. दोघींनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. गावाचं नाव बोरडोह, भीमेकाठचं, आणि ते धरणाच्या पाण्याखाली जाऊन जमाना झाला होता.

मग एक दिवस कंपनीच्या ध्यानात आलं, की माणसांमागून इतकी गावं चालता चालता यंत्र आता स्वतःच आडवाटा शोधायला शिकलंय. पाळणाघराला कुलूप लागलं. आणि अंबूबाई माझ्या दुकानात आली.

मी यंत्राशी भांडले. 'बदली हे इथे क्रियापद नसून माणूस आहे,' असं मी त्याला लिहिलं. ते खरं तर व्याकरणातही बसत नाही, पण यंत्राला पटलं. मात्र लगेच दुसरी अट आली. अर्जदाराने झोपतपासणीस हजर राहावे.

ही तपासणी कचेरीनं उगाच काढलेली नव्हती. निद्रायनचे काही लोक एकीकडे भत्ता घेत आणि दुसरीकडे घरबसल्या चोरून दुसऱ्या कंपनीला झोप विकत. म्हणून कचेरीतच एक खोली केली होती. तिथं दुपारी टोपी घालून झोपायचं. जुन्या कामाचा नकाशा मेंदूत पेटला, तर तुम्ही अजून कामावर. नाही पेटला, तर बेकार.

कचेरीतले कस्तुरे साहेब सज्जन माणूस. निवृत्तीला आलेले, शर्टाच्या खिशात कायम बडीशेप. अंबूबाई त्या खाटेवर पदर सारखा करून झोपली, आणि थोड्याच वेळात पडद्यावर एक हिरवी रेघ हळूहळू चालायला लागली. वेशीतून आत, वळण घेऊन उतारानं खाली, मग थांबून, मग पुन्हा वर. मी आणि कस्तुरे साहेब बघत राहिलो. एक बाई आपल्यासमोर खाटेवर पडलीय आणि त्याच वेळी पाण्याखालच्या एका गावात उन्हातून चाललीय, हे बघताना मला का कोण जाणे हळू बोलावंसं वाटायला लागलं.

"चांगलंच काम चालू आहे की हो यांचं," साहेब म्हणाले.

"कुणासाठी चालू असणार, साहेब? कंपनी बंद, टोपी काढून घेतलेली. ती आपली आपण फिरतेय."

"कोण विकत घेतंय ते या टोपीला दिसत नाही, मॅडम. पाय चालतायत एवढंच दिसतं."

मग त्यांनी उपाय सांगितला. उतरण. सरकारी दवाखान्यात दोन-चार दुपारी झोपायचं. उलट्या ठोक्यांनी नकाशा विस्कटून टाकतात. दुखत नाही, खुपत नाही. नंतर दाखला मिळतो आणि भत्ता सुरू होतो. बाकीच्या सगळ्या बदल्यांनी उतरण करून घेतली होती.

मी हे दुकानात परत आल्यावर अंबूबाईला सांगितलं. ती लगेच उठून उभी राहिली.

"गाव पुसणार?"

"तुमचं कुठं आहे ते, मावशी? दुसऱ्या बाईचं आहे. तुम्ही कामापुरतं—"

"मला न्हाई पुसायचं."

 मग ती बसली आणि बोलायला लागली. तिचे पणजोबा तेलंगणातून हातमागावर काम करायला आले, त्या मुलखात आता हिला ओळखणारं कुणी नाही. जन्म एका खोलीत, लग्न शेजारच्या गल्लीत, नवरा लवकर गेला तशी पुन्हा त्याच खोलीत. बोटं वाकेपर्यंत विड्या वळल्या. कुणीही भेटलं की पहिला प्रश्न विचारणार, गाव कुठलं तुमचं? ही सांगणार, इथलीच. तो म्हणणार, ते झालं हो, पण मूळ गाव? आणि हिच्यापाशी उत्तर नसायचं.

"माझ्या मनात ते फार सलायचं बघा, ताई," ती म्हणाली. "सुट्टीत सगळी गावाला जायची. जत्रा म्हणून, पेरणी म्हणून, मयत म्हणून. मी जाणार कुठं? आणि मग एक दुपारी झोपले, तर वेस. आत गेले तर धूळ कशी, गार. दारं समदी उघडी. चुली पेटलेल्या, पण माणूस एक दिसत न्हाई. नुसतं आतनं कुणीतरी म्हणतं, ठेव गं तिथं. मी ठेवते, पुढं जाते. नदी बाजूला असतीच. दिसो न दिसो, बाजूला असती."

"आणि भत्ता?"

"भत्ता तर पायजे की ओ. भावाच्या घरात राहते. वहिनी वाईट न्हाई. पण ताटात वाढताना तिचा हात थांबतो, ते मला दिसतं ना." तिचे डोळे भरून आले. "दोन्ही पायजे मला. बघा तुम्ही कायतरी."

मला तिची दया आली, आणि थोडी लाजही वाटली. माझं गाव अक्कलकोट तालुक्यात आहे. बस जाते. मी कितीतरी वर्षांत गेलेली नाही, आणि मला कुणी विचारलं तर मी झटकन नाव सांगते.

दुसऱ्या दिवशी मी कस्तुरे साहेबांच्या टेबलासमोर जाऊन बसले. उतरण न करता काही होतं का बघा, म्हणून मागेच लागले. ते वैतागले.

"मॅडम, नियम साधा आहे. काम चालू, तर भत्ता नाही."

"पण हे काम आहे का?"

"कालपर्यंत याचाच पगार मिळत होता ना त्यांना? तेच गाव, त्याच वाटा. मग आज ते काम नाही असं कसं म्हणू?" त्यांनी बडीशेपेची चिमूट तोंडात टाकली आणि चावता चावता थांबले. "थांबा. त्या बदली होत्या म्हणालात?"

"तीच तर सगळी रड आहे."

"मग कायम कोण?"

मी सुगंधाबाईंचं नाव सांगितलं. कस्तुरे साहेब उठले, कपाटाशी गेले आणि कायद्याचं पुस्तक घेऊन आले. भत्त्याचा कायदा करताना गिरण्यांच्या काळातली कितीतरी कलमं जशीच्या तशी उचलली होती. कोण कशाला वाचतंय? त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं: "'कायम कामगार हजर असताना त्याच्या जागेवरील बदली कामगार कामावर आहे असे मानले जाणार नाही.' माझे वडील सांगायचे. बदल्या सकाळी गिरणीच्या दरवाज्याशी येऊन उभ्या राहायच्या. कायम आला की जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणायचा, चल, घरी जा. मग तो बदली दिवसभर फाटकाशी बसो नाहीतर आत मित्राशी गप्पा मारो, त्याला काम म्हणत नसत."

"म्हणजे सुगंधाबाई हजर असल्या तर—"

"तर तुमच्या बाई त्या गावात खुशाल हिंडू देत. माझी काही हरकत नाही."

"पण कंपनीच बंद आहे, साहेब. त्या हजर होणार कुठं?"

"जिथं तुमच्या बाई कामावर आहेत, तिथं," कस्तुरे साहेब म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यांना स्वतःलाही आपण काय बोललो ते मागाहून कळलं असावं.

सुगंधाबाई मुलाकडे राहत होत्या, जुळे सोलापूर नावाच्या नव्या वस्तीत. दार उघडलं सुनेनं, शैलानं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सुस्कारा सोडला. "या आत. पण त्यांना काही आठवत नाही बघा. ज्वरानंतर घरातसुद्धा चुकतात. मोरीत जायला निघतात आणि बाल्कनीत जाऊन उभ्या राहतात. आणि दिवसभर एकच धोसरा, मला घरी सोडा. हेच घर आहे म्हटलं तर रडतात."

खिडकीजवळच्या पलंगावर एक हाडकुळी म्हातारी बसली होती. कपाळावर गोंदण. तिनं अंबूबाईकडे टक लावून बघितलं.

"कोण गं तू?"

"मी अंबू. तुमची बदली, आक्का."

"मला न्हाई ठावं."

अंबूबाई जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिनं सरळ सांगायला सुरुवात केली. ओळख नाही, प्रस्तावना नाही. "वेशीतनं आत आलं, की उजव्या हाताला पार. पारावर लिंबाचं झाड. तिथनं वाट खाली जाती. उतारावर पायरीचं एक घर. पायऱ्या झिजल्यात, मधनं खोलगट झाल्यात. त्याच्या पलीकडं आड."

सुगंधाबाई ऐकत होत्या की नव्हत्या, कळत नव्हतं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. अंबूबाई न थांबता सांगत गेली. आड, आडामागचा गोठा, गोठ्याशेजारची बोळ, बोळीतून दिसणारी नदी. मग पुन्हा वेशीपासून. तिसऱ्यांदा ती पारापाशी आली, लिंबाचं झाड म्हणाली, आणि पलंगावरून एकदम आवाज आला.

"लिंब न्हवं. चिंच."

शैला स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"चिंच व्हती ती," सुगंधाबाई रागानं म्हणाल्या. "लिंब कुठनं आणलास तू? कुणी सांगितलं तुला लिंब?"

अंबूबाई माझ्याकडे बघून हसली. टोपीच्या नकाशात जागा होत्या, झाडांची नावं नव्हती. साखर पेठेत तिच्या खोलीसमोर लिंब होता, तो तिनं बोरडोहच्या पारावर नेऊन लावला होता.

मी नंतर एका मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ज्वरानं कित्येकदा जागांच्या पेशी मरत नाहीत, त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या वाटा बुजतात. कुणी चुकीचं सांगितलं आणि आतून कुणी 'नाही' म्हणालं, तर समजावं की पलीकडे माणूस घरात आहे. अंबूबाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग चुकतेच की मी रोज.

आणि ती चुकायला लागली. रोज दुपारी जेवून, झोप काढून ती बसनं जुळे सोलापूरला जायची आणि मुद्दाम आडाच्या जागी मारुती ठेवायची, गोठा डावीकडचा उजवीकडे न्यायची. सुगंधाबाई खवळायच्या. "अगं, आंधळी का तू? मारुती वेशीभाईर!" खवळता खवळता त्यांच्या तोंडून माणसं यायला लागली. पायरीच्या घरात बायजाकाकी राहायची, तिला कमी ऐकू यायचं. गोठा तुकातात्याचा. चिंचेखाली दुपारी पोरी गजगे खेळायच्या आणि गाभुळलेल्या चिंचा पडायची वाट बघायच्या.

अंबूबाई ते सगळं पिऊन घ्यायची. परत येताना माझ्या दुकानात डोकवायची. "ठेव गं तिथं म्हणणारी कोण, कळलं मला. बायजाकाकी. बहिरी होती म्हणून वरडून बोलायची." तिच्या झोपेतल्या रिकाम्या घरांतून आता माणसं वावरायला लागली होती. इतकी आनंदी मी तिला कधीच पाहिली नव्हती. शैलानं एकदा फोन करून सांगितलं की आई आता बरोबर मोरीत जातात, आणि मला घरी सोडा म्हणायचं कमी झालंय.

एकदाच अंबूबाई गंभीर दिसली. "ताई, मी सांगालेय तसं माझ्यातनं थोडं थोडं जातंय का काय ओ?"

"सांगून कुठं गाव जातं, मावशी?" मी म्हणाले. मला काय ठाऊक होतं?

तपासणीच्या दिवशी कस्तुरे साहेबांनी खोलीत दोन खाटा टाकून घेतल्या. सुगंधाबाई शैलाचा हात धरून आल्या. जेवण झालेलं, पंखा फिरत होता, खिडकीला ओल्या वाळ्याचा पडदा लावलेला होता. त्या वासानं मलाच पेंग यायला लागली. दोघींच्या डोक्यावर टोप्या चढवल्या. दोघी एकमेकींकडे तोंड करून कुशीवर वळल्या, आणि थोड्या वेळानं दोघींचे श्वास संथ झाले.

अंबूबाईची हिरवी रेघ आधी उठली. नेहमीसारखी वेशीतून आत गेली, चिंचेला वळसा घालून उताराला लागली. दुसरा पडदा कोराच होता. कस्तुरे साहेबांनी बडीशेप तोंडात टाकली नाही, नुसती हातात धरून ठेवली. पडदा कोरा राहिला तर नियमाप्रमाणे त्यांना अर्ज फेटाळावा लागणार होता, आणि मग उतरण किंवा उपास.

मग दुसऱ्या पडद्यावर एक ठिपका लुकलुकला. वेशीपाशी नाही, थेट नदीकाठी. तिथून तो निघाला आणि चढावरून गावाकडे यायला लागला. जराही न अडखळता. वाटेत तो अशा एका बोळीतून गेला, जी अंबूबाईनं कधीच सांगितली नव्हती, जी कंपनीच्या नकाशातही नव्हती.

"आल्या," कस्तुरे साहेब पुटपुटले. "हजर झाल्या."

शैलानं तोंडाला पदर लावला. मला टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या. दोन वेगळ्या डोक्यांतली गावं होती ती, तारेनं जोडलेली नव्हती. तरी मी दोन्ही पडदे एकच असल्यासारखी बघत होते. दुसऱ्या पडद्यावरचा ठिपका पायरीच्या घरापाशी पोचला आणि त्याच वेळी अंबूबाईची रेघ तिच्या पडद्यावर तिथंच थांबली. थोडा वेळ उभी राहिली. मग वळली, चढ चढली, चिंचेखालून वेशीबाहेर गेली आणि विझली.

अंबूबाई जागी झाली नाही. ती गाढ झोपली होती, स्वप्नाशिवायची साधी झोप. सुगंधाबाईंचा ठिपका कितीतरी वेळ गावभर हिंडत होता.

उठल्यावर अंबूबाई खाटेच्या कडेला बसून राहिली. मी तिला पाणी दिलं.

"मंजूर झाला, मावशी! कायम हजर होत्या. कस्तुरे साहेबांनी सही केली."

"हं." ती पाणी प्यायली. "दिसल्या मला त्या. परकर-पोलक्यात होत्या, एवढुशा. कडेवर घागर. मला म्हणाल्या, आले मी, जा तू घरी."

"आणि तुम्ही आलात?"

"मग? कायम आल्यावर बदलीनं थांबायचं नसतं, ताई."

मी तिला सांगायचा प्रयत्न केला, की कायद्यानं ती खुशाल थांबू शकत होती. त्याचसाठी तर आपण सगळा खटाटोप केला. तिनं मान हलवली. कायदा मी शिकले होते. रीत तिच्या अंगात होती.

भत्ता सुरू झाला. वहिनीचा हात थांबेनासा झाला, असं अंबूबाईनंच सांगितलं. पण ती वाळायला लागली. दुपारी झोपायची तर नुसता काळोख, किंवा मग वेस, आणि वेशीच्या आत पाऊल पडायचं नाही. कुणी अडवायचं नाही, पडायचंच नाही. एके दिवशी ती माझ्या दुकानात आली आणि समोर ठेवलेल्या चहाकडे तिनं बघितलंही नाही.

"कंपनी बंद पडली तवा मी बेकार झालेच नव्हते, ताई," ती म्हणाली. "आत्ता झाले."

मला फार वाईट वाटलं. मीच तिची वकिली केली होती आणि मीच तिला गावाबाहेर काढलं होतं. त्याच संध्याकाळी मी जुळे सोलापूरला जाऊन सुगंधाबाईंना सगळं सांगितलं. त्या आता बऱ्याच भानावर होत्या. पलंगावर बसून शेंगा सोलत त्यांनी ऐकून घेतलं.

"येडीच हाय ती," त्या म्हणाल्या. "मी काय गाव कडीकुलपात घालून ठिवलंय व्हय? बोलव तिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबूबाई आली, नेहमीसारखी खाली बसली. सुगंधाबाईंनी तिला वर पलंगावर ओढून घेतलं.

"ऐक. मी आता म्हातारी झाले. रोज रोज चढ-उतार होत न्हाई मला. दर शुक्रवारी मी खाडा करनार. कामाला न्हाई येनार म्हंजे न्हाई येनार. बायजाकाकीला ताक कोण पोचवील मग?"

अंबूबाई पलंगावर सावरून बसली.

"तू माझी बदली का न्हाईस?"

"हाय की, आक्का."

"मग? शुक्रवारी ये येळंवर. आणि बोरी पिकल्यात नदीकडच्या, त्या बघून ये."

शुक्रवारी अंबूबाई जेवून झोपली. संध्याकाळी ती आली तेव्हा दारातूनच तिचा चेहरा बघून मला कळलं. बोरं पिकली होती म्हणे, पण अजून आंबट होती. मग ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, कचेरीला कळवून टाका.

"काय कळवू?"

"शुक्रवारी मी कामावर असते म्हणून."

"मावशी, कोणी विचारलेलं नाही. उगाच कशाला? त्या दिवसाचा भत्ता कापतील."

"कापू देत की ओ. बेकार नसताना बेकार म्हणून घ्यायचं?"

मी कळवलं. यंत्रानं पटकन समजून घेतलं. कधी नव्हे ते त्याला काहीच शंका आली नाही. आता दर शुक्रवारचा अंबूबाईचा भत्ता कापला जातो, आणि दर शुक्रवारी दुपारी ती धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून झोपायला जाते.